तेरा वाजता म्हणजे दुपारी किती?

२२ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. आजपासून शिस्तही.

आमच्या पेपरच्या नियमपुस्तकाची नवी आवृत्ती आली. आकडा कसा लिहायचा, वेळ कशी लिहायची, कुणाच्या नावापुढे आदराचं 'सान' लावायचं आणि कुणाला नुसतं 'संशयित' म्हणून सोडायचं, सगळं त्यात आहे. पानं ६७५. रोज १५ वाचली तर ४५ दिवस. म्हणजे ७ मार्चला पुस्तक तोंडपाठ. एकोणतीस वर्षं प्रूफच्या टेबलावर काढलेल्या माणसाला हे अगदी हातचा मळ.

कालच्या प्रकाराशी या संकल्पाचा काहीही संबंध नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

संध्याकाळी ७.३०

वाचलेली पानं: ४. टेबलावर लक्ष लागत नव्हतं. कालचा प्रकार एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

इसोबे कानेइची, वय ८१, सिटी बसचे निवृत्त ड्रायव्हर. सोमवारी वारले. अंत्यविधी काल, गुरुवारी होता. त्यांच्या बायकोने निधनवार्तेचा फॉर्म हाताने भरून फॅक्स केला: १३ वाजता. आमच्या पेपरात 'दुपारी ३ वाजता' छापून आलं.

गावात सकाळी पेपर उघडला की आधी निधनवार्ता बघतात, मग हवामान, मग बाकीचं जग. लोकांनी तीन वाचलं आणि तीनला गेले. हॉलवाल्यांना पेपरशी काय देणंघेणं, त्यांनी एकलाच सुरू केलं. चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या, पाच भरल्या. तीन वाजता सदतीस माणसं काळे कपडे घालून बर्फात उभी, आणि दारावर दुसऱ्याच कुणाच्या नावाची पाटी.

आता आमच्या पेपरात वेळ '१३' अशी लिहीत नाहीत, 'दुपारी १' लिहितात. हा नियम जुनाच आहे. बदल प्रूफच्या टेबलावर होतो. तेवढाच माझा संबंध. प्रूफवर १३ खोडून 'दुपारी ३' केलेलं आहे, त्या तीनचं वळण माझ्या तीनसारखं दिसतं, आणि खाली शिक्काही मिझोगुची, म्हणजे माझ्याच आडनावाचा आहे. पण यावरून एकदम निष्कर्ष काढणं पत्रकारितेत बसत नाही.

२३ जानेवारी, शनिवार

कुसाकाबे-सानने बोलावलं. ते आमच्या डेस्कचे प्रमुख, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण ते असो. म्हणाले, इसोबेंच्या घरून चौकशी आली, मूळ फॅक्स कुठेय? मी म्हटलं, शोधतो. ते म्हणाले, चूक त्यांची असेल तर विषय संपला. आपली असेल तर 'क्षमस्व' छापावं लागेल आणि संपादकांना लेखी द्यावं लागेल कुणी केली ते.

फॅक्स आणि प्रूफ दोन्ही माझ्या खणात आहेत. अभ्यासासाठी ठेवलेत. अभ्यास झाला की देईन.

दुपारी इसोबेबाईंचा फोन. ऑपरेटरने नेमका माझ्याकडे जोडला. आवाज बारीक, पण शब्द न् शब्द स्पष्ट. त्या तक्रार करत नव्हत्या, हे महत्त्वाचं. एवढंच विचारत होत्या की फॉर्ममध्ये मी काय लिहिलं होतं ते जरा बघता का? चष्मा जुना झालाय, चुकून तीन लिहिलं असेल मी.

मी नियमाप्रमाणे उत्तर दिलं: तपासून कळवतो.

पानं: ०. शनिवार होता.

२५ जानेवारी, सोमवार. सकाळी

नवीन पद्धत. पानं कमी पण पक्की. आज एकच पान, पण असं की कुणी झोपेत विचारलं तरी सांगता यावं.

झोपेचा विषय निघालाच म्हणून लिहितो. सावाकोचं, म्हणजे बायकोचं, म्हणणं की मी झोपेत वेळ सांगतो. 'नऊ वाजून पाच, नऊ वाजून बारा' असं. मी म्हटलं, नियमपुस्तकातलं वेळेचं प्रकरण पाठ होतंय. ती म्हणाली, अहो, पाठ होतंय तर बस स्टॉपची नावं मधे कशाला घेता?

स्टॉपची नावं मला माहीतच नाहीत. मी चालत जातो.

संध्याकाळी

चालत जातो, पण आमच्या घरासमोरच स्टॉप आहे. एकची बस बरोबर एकला येते. कुणी चढत नाही, उतरत नाही. तरी दार उघडतं, मिनिटभर उघडंच राहतं, मग मिटतं. माझ्या जेवणाच्या सुट्टीत हे रोज बघावं लागतं. उद्यापासून ऑफिसातच जेवेन.

१ फेब्रुवारी, सोमवार

आज फार समाधानाचा दिवस. प्रकरण मिटलं.

इसोबेबाईंचा परत फोन आला. म्हणाल्या, आता तपासू नका, तुम्हाला उगाच त्रास. दिरांनी सांगितलं की तोमिए, म्हणजे मी, पहिल्यापासून आकड्यांत घोळ घालते, फॉर्मवर तीनच लिहिलं असणार. घरात सगळ्यांनाही तसंच वाटतं. मला आठवतं तेरा लिहिल्याचं, पण मी आता कुणावर अडून बसू? चौतीस वर्षं बस चालवली त्यांनी, एक मिनिट उशीर नाही केला कुठे. आणि त्यांच्याच वेळेला मी माती केली. तुमच्या पेपरचंही नाव खराब झालं माझ्यामुळे. माफ करा.

मी म्हटलं, "असू द्या. होतं असं."

मोठ्या मनाने म्हटलं. त्या फोनवरसुद्धा वाकून नमस्कार करत असाव्यात, आवाज मधेच लांब गेला होता.

पानं: ०. पण आज मनाला विश्रांती हवीच होती.

३ फेब्रुवारी, बुधवार

समाधान टिकलं नाही. का ते कळत नाही. प्रकरण तर मिटलंय.

आज सेत्सुबुन, हिवाळ्याला निरोप द्यायचा सण. सावाकोने भाजलेले सोयाबीन आणले आणि दारात उभी राहून फेकायला लागली, राक्षस बाहेर, सुख आत. दरवर्षी राक्षसाचा मुखवटा मीच लावतो. या वर्षी मी मुखवटा लावायच्या आतच तिने पहिली मूठ माझ्या अंगावर टाकली. मी म्हटलं, अगं थांब, अजून मुखवटा घातला नाही. ती म्हणाली, या वर्षी लागणार नाही.

विनोद होता. ती हसली मात्र नाही. पंधरा दिवस झाले, तुमच्या चेहऱ्यावर काहीतरी बसलंय, म्हणाली.

मी दार उघडलं, सोयाबीन बाहेर टाकावं म्हणून. समोर स्टॉपवर बस ड्रायव्हरची टोपी घातलेला एक म्हातारा उभा होता. पांढरे हातमोजे. मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, मग रस्त्याकडे, मग माझ्याकडे. ओठ हलले.

मी दार लावलं. सोयाबीन आतच राहिलं.

४ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी

चौकशी केली. बस कंपनी निवृत्त लोकांना नव्या ड्रायव्हरांच्या शिकवणीला बोलावते. तो म्हातारा त्यातलाच कुणीतरी. बोट दाखवून मोठ्याने म्हणायचं, 'दार, बरोबर', 'वेळ, बरोबर', ही त्यांची पद्धत. डोळ्याने बघितलं तरी मन दुसरीकडे असतं. बोटाने दाखवून तोंडाने म्हटलं की चूक होत नाही.

म्हणजे भुताखेताचं काही नाही. मला तसं वाटलंही नव्हतं.

उलट ही पद्धत प्रूफला आणली तर? इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नाही. आजपासून सुरू.

संध्याकाळी

पद्धतीचा पहिला दिवस जोरात. मी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून मोठ्याने म्हणतो: 'नाव, बरोबर. वय, बरोबर. वेळ...'

'वेळ'पाशी आवाज बसतो. थंडीने घसा धरलाय.

शेजारच्या टेबलावरची इचिनोसे, वय सत्तावीस, तीन वर्षांपूर्वी आलेली, म्हणाली की मिझोगुची-सान, तुम्ही निधनवार्तेच्या पानालाच का बोट दाखवता, क्रीडापानाला का नाही? मी म्हटलं, मेलेल्या माणसाला परत फोन करून विचारता येत नाही. तिने पेन्सिल खाली ठेवली. वाक्य जरा जास्तच चांगलं झालं असावं.

८ फेब्रुवारी, सोमवार

इसोबेबाईंनी डेस्कला संत्र्यांचा खोका पाठवला. वर चिठ्ठी: माझ्या चुकीमुळे आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल.

सगळ्यांनी खाल्ली. कुसाकाबे-सानने तीन. गोड आहेत म्हणाले, आणि मग म्हणाले, बिचारी बाई, एका आकड्यापायी. मी एक संत्रं घेतलं आणि खणात ठेवलं, नंतर खाईन म्हणून. खणात फॅक्स आहे, प्रूफ आहे, आता संत्रं.

खरं लिहायचं तर ते हातात धरवत नव्हतं. बर्फातून आलेलं, तरी गरम वाटलं मला.

निर्णय घेतला. सांगायचंच. पण माफीसुद्धा नियमाने लिहावी लागते, गबाळी माफी म्हणजे दुसरा अपमान. म्हणजे आधी पुस्तक संपवलं पाहिजे. पुस्तक ७ मार्चला संपेल.

एकूण पानं आजपर्यंत: ११.

१४ फेब्रुवारी, रविवार

माफीचा मसुदा क्र. १: 'दि. २१ जानेवारीच्या निधनवार्तेत वेळ चुकीची छापली गेली.'

पुस्तक, पान १२: क्षमस्वमध्ये 'छापली गेली' असं लिहू नये. चूक आपोआप होत नाही. ज्याने केली तो वाक्यात हवा.

मसुदा क्र. २: 'चुकीची वेळ आमच्या पेपरने छापली.' बरा आहे. पण पेपरला हात असतात का?

क्र. ६: 'प्रूफच्या टेबलावर चूक झाली.' टेबलाला तरी कुठे असतात?

क्र. ९ पर्यंत गेलो. इतक्या काळजीने माफी लिहिणारा माणूस मुळात निष्काळजी असूच शकत नाही, हे कुणीही मान्य करेल.

सावाकोने खांद्यावरून वाचलं. कधी वाचलं कळलं नाही. चहा ठेवून गेली. चहा ठेवायच्या आधी तिने कपाकडे बोट दाखवलं असं मला वाटलं. हल्ली मला सगळेच बोट दाखवताना दिसतात.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

खणातून वास येतोय.

इचिनोसे म्हणाली, काहीतरी मेलंय वाटतं. ती उंदराबद्दल बोलत होती. खण मी किल्लीने बंद केला. किल्ली खिशात आहे. तरी वास येतो, घरी गेल्यावर शर्टाला येतो, अंघोळीनंतर टॉवेललाही येतो. सावाको म्हणते तिला काही येत नाही.

कुसाकाबे-सानने नोटीस लावली: १ मार्चला नव्या नियमपुस्तकावर चाचणी. पहिला येईल त्याच्याकडे नियम समिती. मी मनातल्या मनात समितीची पहिली सभा घेतली. विषय: बोट-पद्धत सक्तीची करणे.

पानं: १६ एकूण. वेग वाढवायला हवा.

२२ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी

इसोबेबाई ऑफिसात आल्या.

खालच्या काउंटरवर होत्या. छोटी जाहिरात द्यायची म्हणाल्या, एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीची. पहिल्या वेळी कुणाला येता आलं नाही, म्हणून या वेळी ओळखीच्या सगळ्यांनी यावं, असं छापायचं. ७ मार्च, देवळात. काउंटरच्या मुलीने वेळ बरोबर आहे ना बघायला प्रूफवरून माणूस मागवला. इचिनोसे सुट्टीवर. मीच गेलो.

माझ्या अंदाजापेक्षा लहानखुऱ्या निघाल्या. काळा कोट, हातात लोकरी मोजे, चष्मा नवाकोरा. नवा करून घेतला म्हणाल्या, आता घोळ नको. मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं. फोनवरचा तो मीच, हे मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही, त्यामुळे खोटं बोललो असं होत नाही.

फॉर्म पुढे केला. त्यावर लिहिलं होतं १३ वाजता. कंसात: दुपारी १. आणि शेजारी पेनने घड्याळ काढलं होतं. वाटीएवढा गोल, आत बारा खुणा, छोटा काटा एकवर, मोठा बारावर. खोडून परत काढलेलं.

म्हणाल्या, "हे असं चालतं का? दिरांनी सांगितलं, या वेळी चित्र काढून दे."

मी चालतं म्हटलं. शिक्का मारला. तो तिरका बसला. त्या वाकल्या, मी वाकलो, त्या आणखी वाकल्या. निघताना दारापाशी थांबून गळ्यातल्या मफलरकडे बोट दाखवलं, मग पर्सकडे, आणि स्वतःशीच पुटपुटल्या. मग माझं लक्ष आहे बघून लाजल्या. म्हणाल्या, त्यांची सवय. गॅस बंद, बरोबर. दिवा बंद, बरोबर. चाळीस वर्षं ऐकलं, आता म्हणायला कुणी नाही म्हणून मीच म्हणते. एकोणपन्नास दिवस माणूस घराभोवतीच असतो म्हणतात ना, ऐकत असतील.

७ मार्च. माझं पुस्तक संपायचा दिवस. मी हिशेब करताना हे बघितलं नव्हतं, देवाशपथ. पंधरा पानं, पंचेचाळीस दिवस, यात मेलेल्या माणसाने येऊन बसायचं कारण नव्हतं.

संध्याकाळी

पानं: ०.

१ मार्च, सोमवार

चाचणी. शंभर प्रश्न, एक तास.

इचिनोसे ९७. मी ५८. नियम समिती इचिनोसेकडे. कुसाकाबे-सान म्हणाले, मिझोगुची-सान, तब्येत बरी आहे ना? प्रश्न १३ कोराच सोडलात. तो तर फुकटचा मार्क होता.

प्रश्न १३: '२१ वाजता' हे आपल्या पेपरात कसं लिहाल?

मला उत्तर येत होतं. रात्री ९. आता लिहितानाही येतं. पण तिथे पेन टेकवलं की हात आपसूक दुसरंच काहीतरी लिहील असं वाटलं. हात माझ्याकडे बघतोय असं वाटलं. पेन खाली ठेवलं आणि बाकीचा वेळ खिडकीतून बस बघितल्या.

समितीचं वाईट वाटलं नाही. बोट-पद्धत इचिनोसेला समजावता येईल.

५ मार्च, शुक्रवार

जाहिरात आज छापून आली. दुपारी १ वाजता. मी प्रूफवर सात वेळा बोट ठेवून सात वेळा मोठ्याने म्हटलं. सातव्या वेळी अख्खं डेस्क माझ्याकडे बघत होतं. इचिनोसेने प्रूफ माझ्या हातातून हळूच काढून घेतलं आणि स्वतः शिक्का मारला.

मग माझ्यासाठी पाणी आणलं आणि हळू आवाजात विचारलं, "त्या खणात काय आहे?"

संत्रं, म्हटलं. खोटं नव्हतं.

६ मार्च, शनिवार. सकाळी

योजना पक्की. उद्या देवळात जायचं. बारा वाजता घर सोडायचं, चालत चाळीस मिनिटं. वीस मिनिटं आधी पोचायचं. सगळ्यांसमोर माफी वाचायची, फॅक्स आणि प्रूफ बाईंच्या हातात द्यायचं. मसुदा क्र. ३१ तयार आहे. कर्ता सापडला: 'मी'. एकतीस मसुदे लागले, पण सापडला.

आज ऑफिसात जाऊन खण उघडला. संत्रं हिरवं पडून बसलंय, खाली कागदाला चिकटलेलं. ओढून काढलं. फॅक्सवर मोठा गोल डाग पडला. पण १३ डागाच्या बाहेर आहे. स्वच्छ दिसतं. बाईंचं अक्षर एवढं स्वच्छ आहे हे मी पहिल्यांदा बघितलं. खरं म्हणजे दुसऱ्यांदा.

७ मार्च, रविवार. दुपारी १२.२०

निघालोच. बूट घातलेत. फक्त मसुद्यात 'मनापासून' आणि 'अंतःकरणपूर्वक' यांत कुठला बरा ते बघायला पुस्तक उघडलं.

१.०५

'मनापासून.' पण मग मागच्या वाक्यातलं 'मनस्ताप' खटकतं. दोनदा 'मन' येतं. क्र. ३२.

समोर बस येऊन गेली. दार उघडलं होतं. मी बूट घालूनच बसलो होतो.

१.५०

क्र. ३४. सावाको दारात येऊन उभी राहिली. "ते कागद द्या इकडे, मी जाते नाहीतर," म्हणाली. म्हणजे तिला सगळं माहीत आहे. कधीपासून, ते विचारलं नाही. म्हणाली, "त्या बाईंना तुमचं शुद्धलेखन नकोय हो."

२.१५

निघतो.

संध्याकाळी ६

देवळाच्या दाराशी पोचलो तेव्हा तीनला दोन मिनिटं कमी होती. हे मुद्दाम केलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं.

विधी कधीच संपला होता. अंगणातल्या बर्फावर बुटांचे ठसे होते, खूप, फाटकापर्यंत तुडवलेला रस्ता. म्हणजे या वेळी लोक आले होते. आत बसायची आसनं भिंतीशी रचून ठेवलेली. एक मात्र मधोमध तसंच. दीर, मोरिओ म्हणून, कोट घालून अस्वस्थ उभे. बाई बसलेल्या. मोरिओ मला म्हणाले, या बाईसाहेबांनी तासभर आम्हाला थांबवून धरलंय, एवढं जेवण गार झालं.

बाई म्हणाल्या, "मागच्या वेळी लोक तीनला आले होते. या वेळी तीनला कुणी आलं तर दार बंद नको, म्हणून थांबले."

मग मला बसायला सांगितलं. त्या एकाच आसनावर.

क्र. ३४ खिशात होता. सगळा पाठ होता. पहिला शब्दसुद्धा आठवला नाही. मी फॅक्स काढून त्यांच्यासमोर ठेवला आणि प्रूफ शेजारी. डाग, वास, सगळ्यासकट. एवढंच म्हटलं की हे माझ्या खणात होतं. तीन मी केलं.

बाईंनी नवा चष्मा नीट बसवला. फॅक्स उचलला. खूप वेळ बघितलं. मला वाटलं ओरडतील, आणि ओरडल्या असत्या तर मला फार बरं वाटलं असतं. त्यांनी कागद दिरांसमोर सरकवला आणि उजव्या हाताचं बोट ताठ केलं. आकड्यावर ठेवलं.

"तेरा," म्हणाल्या. "बरोबर."

मोरिओंनी कागद बघितला. मग त्यांनी कोट काढला आणि खाली बसले. वहिनीकडे मान वर करून बघवेना त्यांना. बाईंनी तेच बोट वेदीवरच्या फोटोकडे वळवलं आणि पुन्हा एकदा म्हणाल्या, जरा मोठ्याने, कुणी दारातून बाहेर पडता पडता ऐकावं म्हणून म्हणतात तसं. मग त्या रडल्या. मीही रडलो, ते इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचणार नाही.

माफ केलं की नाही ते बोलल्या नाहीत. मी विचारलं नाही. गार झालेलं जेवण मात्र वाढलं. उकडलेला मुळा, टोफू, तिळाचा भात. माझ्याच्याने खाली उतरेना. मोरिओंनी माझ्या वाटीकडे बोट दाखवलं, म्हणून खाल्लं.

पुस्तक देवळातच विसरलो.

८ मार्च, सोमवार

अकरा वाजून दहाला जाग आली. ड्यूटी नऊची. सावाकोने उठवलं नाही. म्हणे, दीड महिन्यात पहिल्यांदा झोपेत गप्प होतात, जीव झाला नाही.

डेस्कवर दोन तासांहून जास्त उशीर. कुसाकाबे-सानसमोर प्रूफ ठेवलं, शिक्का वर करून. त्यांनी वास घेतला, मान फिरवली. संपादकांना लेखी दिलं. निधनवार्तेचं पान आजपासून माझ्याकडे नाही. मी क्रीडापान बघणार. तिथे कुणी मरत नाही, असं कुसाकाबे-सान म्हणाले, आणि मग त्यांचं त्यांनाच कसंसं झालं.

उद्याच्या पेपरला क्षमस्व. चार ओळी. मीच लिहिल्या, बाईंचं अक्षर बरोबर होतं हेही त्यात घातलं. पंचेचाळीस दिवसांचा अभ्यास, चौतीस मसुदे.

इचिनोसेने प्रूफ वाचलं. दोन लाल खुणा केल्या. दोन्ही बरोबर होत्या.

वाचून झालेली एकूण पानं: २३.